'सीनी' म्हणजे चिनी का? उत्पत्ती १०:१७ मधलं एक नाव तपासताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायबलमधल्या उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात नोहाचा नातू कनान याच्या वंशात 'सीनी' असं नाव येतं, आणि एका व्हिडिओत ते चिनी लोकांचे पूर्वज असल्याचं सांगितलं होतं. तुम्ही हिब्रूचा शब्दकोश उघडलात, तर तिथेही 'सिनी' म्हणजे चिनी. वर यशया ४९:१२ मध्ये 'सीनीम' देश सापडला. अभ्यासवर्गासाठी वंशावळीवर टिपण करायचं आहे, तीन पुरावे एकाच दिशेने बोट दाखवताहेत, मग तसं लिहावं का?

लिहू नका. ते पुरावे तीन दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, उच्चारातलं साम्य. सीनी हे सीरिया-लेबनॉनच्या किनारपट्टीवरच्या एका नगरराज्याचे लोक होते, याबद्दल शंकेला जागा फारच कमी आहे. शंका उरते ती नेमकं गाव कोणतं याची. तिथे दोन मतं आहेत आणि ती मी पुढे मांडतो.

आधी नावाची घडण बघू. हिब्रूत हा शब्द 'हस्सीनी' असा आहे. सुरुवातीचा 'ह' हे निश्चयदर्शक उपपद. शेवटचा 'ई' हा प्रत्यय गावावरून किंवा कुळावरून माणसाची ओळख सांगतो. आपल्या 'कर' सारखाच. अर्वादचा तो अर्वादी, हमाथचा तो हमाथी, तसा सीनचा तो सीनी. म्हणजे अक्षरशः वाचलं तर कनानाला 'सीनकर' झाला, 'अर्वादकर' झाला, 'हमाथकर' झाला. यादीत एकूण अकरा नावं आहेत. पहिली दोन, सीदोन आणि हेथ, व्यक्तीच्या नावासारखी येतात. पुढची नऊच्या नऊ या 'कर' वळणाची आहेत. यातलं सीदोन तर उघड उघड शहराचं नाव. तेव्हा 'मुलगा झाला' हा शब्दप्रयोग इथे रक्ताच्या नात्यापेक्षा कोणतं गाव कोणत्या गटात मोडतं हे सांगण्यासाठी आलेला आहे. सीनी नावाचा एक माणूस उठून पूर्वेकडे चालत गेला, हे चित्र शब्दाच्या रूपातच बसत नाही.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. अनोळखी नाव आलं की मी त्याच्या मागचं-पुढचं नाव आधी पाहतो, कारण अशा याद्या सहसा गठ्ठ्यांनी रचलेल्या असतात. सीनीच्या आधी अर्की आहेत, नंतर अर्वादी, समारी, हमाथी. या चारांपैकी तीन जागा तर नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. अर्का म्हणजे उत्तर लेबनॉनच्या अक्कार भागातलं तेल अर्का. अर्वाद म्हणजे सीरियातल्या तार्तूससमोर, किनाऱ्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर असलेलं बेट. हमाथ म्हणजे ओरोंतेस नदीवरचं आजचं हमा. समारी म्हणजे जुन्या कागदपत्रांतलं सुमुर. ते तार्तूसच्या दक्षिणेला तेल काझेल इथे होतं असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. असे चार शेजारी एका पट्ट्यात असताना मधलाच एक जण पीत नदीच्या काठी नेऊन ठेवायचा असेल, तर त्याला स्वतंत्र आणि भक्कम पुरावा लागेल. तो नाही.

याच पाच नावांची आणखी एक गंमत आहे. एकोणिसाव्या वचनात कनान्यांची सीमा दिली आहे: सीदोनपासून गरारच्या बाजूने गज्जापर्यंत, आणि सदोम-गमोराच्या बाजूने लेशापर्यंत. म्हणजे उत्तरेची हद्द सीदोन. ही पाचही गावं सीदोनच्या उत्तरेला, त्या हद्दीबाहेर पडतात. अनुवाद ७:१ मध्ये इस्राएलांसमोरून घालवायच्या सात राष्ट्रांची नावं आहेत. त्यातही या पाचांपैकी एक नाही. तिथे परिज्जी आहेत, जे उत्पत्तीच्या यादीत नाहीत. त्यामुळे अनेकांना वाटतं की मूळ यादी लहान होती आणि उत्तरेकडची पाच शहरं तिला जोडली गेली. मला हे पटतं, पण टिपणात ठामपणे लिहिण्याइतकं ते सिद्ध नाही. तुमच्या कामापुरतं एवढं पुरे की सीनी हे 'उत्तरेकडच्या पाचां'पैकी एक आहेत. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये ते फक्त दोनदा येतात, इथे आणि १ इतिहास १:१५ मध्ये, आणि दुसरी यादी पहिलीचीच पुनरावृत्ती आहे. बायबलच्या आतून यापुढे काही मिळत नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस यानेही अर्का, अर्वाद आणि हमाथ ओळखून सांगितली, सीदोन तर सांगायलाच नको, आणि उरलेल्या सात जणांबद्दल पवित्र ग्रंथांत नावापलीकडे काही सापडत नाही असं म्हणून विषय संपवला. त्या सातांत सीनी होते.

बाहेरून मात्र बरंच मिळतं. सगळ्यात उपयोगी दस्तऐवज म्हणजे अश्शूरचा (आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन साम्राज्याचा) राजा शल्मनेसर तिसरा याचा कुर्खचा शिलालेख. तो १८६१ मध्ये आजच्या तुर्कस्तानात सापडला आणि सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात इ.स.पू. ८५३ च्या करकरच्या लढाईत अश्शूरविरुद्ध एकवटलेल्या राजांची फौजेच्या आकड्यांसह यादी आहे. दिमिष्काचे (दमास्कसचे) १,२०० रथ, हमाथच्या इर्हुलेनीचे ७०० रथ, इस्राएलच्या अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० सैनिक. अहाबाच्या नावामुळे बायबलचे वाचक इथवर येतात आणि थांबतात. थोडं खाली उतरा. इर्कनाताचे १० रथ आणि १०,००० माणसं. बहुतेकांच्या मते हेच अर्का. अर्वादच्या मत्तिनु-बआलची २०० माणसं. उसनातूची २००. आणि मग शियानूच्या अदुनु-बआलचे ३० रथ. पायदळाचा आकडा दगड फुटल्यामुळे अर्धवट उरला आहे, शेवटचा 'हजार' तेवढा वाचता येतो.

म्हणजे उत्पत्तीतल्या पाचांपैकी चार, हमाथ, अर्का, अर्वाद आणि सीन, एका लढाईत एका बाजूने उभे आहेत. आणि सीनच्या राजाचं नाव आहे अदुनु-बआल, 'बआल हा स्वामी'. शुद्ध फिनीकी-कनानी नाव. चीनचा प्रश्न माझ्या मते इथेच संपतो.

यावर एक आक्षेप निघू शकतो आणि तो रास्त आहे. शिलालेखात 'शियानू' असा 'श' आहे, हिब्रूत सामेख म्हणजे 'स'. मग ही दोन नावं एक कशी? त्याचं कारण अश्शुरी लेखनाच्या सवयीत आहे. त्या काळच्या अश्शुरी बोलीत स आणि श यांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे पश्चिमेकडची नावं लिहिताना 'श'चा 'स' आणि 'स'चा 'श' होतो. यरुशलेम त्यांच्याकडे 'उर्सलिम्मू' होतं, शोमरोन 'समेरिना' होतं. त्याच नियमाने सामेखचा सीन 'शियानू' होऊ शकतो.  शिवाय पडताळ्यासाठी तिसरी भाषा हाताशी आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९ पासून उत्खनन झालं आणि उगारित शहराचं दफ्तर बाहेर आलं. तिथल्या अक्कदी (बाबेल-अश्शूरच्या भाषेतल्या) कागदांत हे राज्य 'सियान्नू' आहे आणि उगारिती वर्णमालेत नुसती व्यंजनं स-य-न. हिब्रूतल्या शब्दाचा 'ई' प्रत्यय काढा, उरतं तेच: सामेख, योद, नून.

उगारितच्या कागदांतून या राज्याची हकीकतही थोडी कळते. सियान्नू हे उगारितचं दक्षिणेकडचं शेजारी, आधी त्याच्या अंकित. इ.स.पू. १४व्या शतकाच्या अखेरीस हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या साम्राज्याचा) सम्राट मुर्शिली दुसरा याने ते उगारितपासून तोडलं आणि फरात नदीवरच्या कर्कमीश शहराच्या हाताखाली दिलं. तेव्हा तिथे अब्दी-अनाती राज्य करत होता. 'अनात देवीचा दास' असा त्या नावाचा अर्थ, हेही कनानीच वळण. मुलूख गेल्यावर उगारितवरची खंडणीही सम्राटाला कमी करावी लागली. सियान्नूच्या जोडीने या कागदांत उश्नातू नावाचं ठिकाण वारंवार येतं, आणि वर कुर्खच्या यादीत शियानूच्या लगेच आधी उसनातू आलेलं तुम्ही पाहिलंत. पाचेकशे वर्षांच्या अंतराने तीच जोडी. पुढे इ.स.पू. ७३८ मध्ये तिग्लथ-पिलेसर तिसरा याने हा किनारा अश्शूरच्या राज्यात घातला. त्याने जिंकलेल्या गावांच्या नोंदीत उस्नू, सियान्नू आणि सिमिर्रा (आपले समारी) ही नावं आहेत.

आता नेमकी जागा. सीरियात जब्ले नावाचं किनाऱ्यावरचं शहर आहे, लाताकियाच्या दक्षिणेला. त्याच्या पूर्वेला 'तेल सियानू' नावाचं टेकाड आहे आणि १९९० च्या दशकात सीरियन पथकाने तिथे उत्खनन केलं. 'तेल' म्हणजे वस्त्यांचे थर साचून झालेलं पांढरीचं टेकाड. नुसतं नाव टिकलं आहे म्हणून मी कुठलीही जागा मान्य करत नाही, कारण गावांची नावं कधी कधी वस्तीबरोबर दहा-वीस कोस सरकतात. इथे मात्र उगारितच्या दक्षिण सीमेचं वर्णन, टेकाडाचा आकार आणि नाव अशा तिन्ही गोष्टी जुळतात. म्हणून आजच्या बहुतेक संशोधकांचा कौल या जागेला आहे आणि माझाही.

दुसरं मत जुनं आहे. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्पत्तीवर टिपा लिहिल्या, त्यात अर्कापासून जवळच 'सीन' नावाचं गाव होतं आणि ते लढायांत उद्ध्वस्त होऊन फक्त जागेचं नाव उरलं असं म्हटलं आहे. बेरेशीत रब्बा हा यहुदी भाष्यग्रंथ सीनी म्हणजे ऑर्थोसिया सांगतो. तेही अर्काच्या जवळचं, त्रिपोलीच्या उत्तरेचं किनाऱ्यावरचं शहर. या मताच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे. अर्की, सीनी, अर्वादी हा क्रम दक्षिणेकडून उत्तरेकडे वाचला, तर सीन अर्का आणि अर्वादच्या मध्ये यायला हवं. तेल सियानू मात्र अर्वादच्याही उत्तरेला सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. तो हिशेब बिघडतो, हे कबूल.

तरी मी पहिल्या जागेकडे झुकतो. क्रम काटेकोर भौगोलिक आहे हे गृहीत धरलं तरच आक्षेपाला वजन येतं, आणि तो तसा नाही: अर्वादनंतर यादी पुन्हा दक्षिणेला समारीकडे येते आणि मग आत हमाथकडे वळते. शिवाय भाष्यकाराची पारख करायची, तर उत्तर ठाऊक असलेल्या नावावर करावी. बेरेशीत रब्बाने अर्का, अर्वाद, हमाथ बरोबर सांगितली. पण समारींना मात्र होम्समध्ये बसवलं, आणि कारण काय, तर तिथे लोकर होते आणि हिब्रूत लोकरीला 'त्सेमेर' म्हणतात! ही शब्दक्रीडा झाली. जी गावं त्या काळी नांदती होती ती त्यांना बिनचूक माहीत होती. जी बुजली होती तिथे जवळचं, ओळखीचं शहर घातलं गेलं. सीन बुजलेल्यांपैकी. ग्रीक भाषांतर, सेप्तुआगिंत, या सगळ्यांपेक्षा जुनं. त्यात हे नाव 'असेन्नायोस' असं, जोड नकाराने आलं आहे. ते मला 'सियान्नू'च्या जवळचं वाटतं, पण यावर इमारत उभारू नये.

आतापर्यंतचं एका दमात: सीनी हे सीनचे रहिवासी, सीन हे किनाऱ्यावरचं कनानी नगरराज्य, जागा बहुधा जब्लेजवळ, क्वचित मताने अर्काजवळ.

राहिला तुमचा शब्दकोश आणि यशया. शब्दकोश खोटं बोलत नाही, फक्त तुम्ही आधुनिक हिब्रूचा उघडलात. आजच्या इस्राएलमध्ये चीनला 'सीन' म्हणतात, सामेख-योद-नून, आणि चिनी माणसाला 'सिनी'. अक्षरं उत्पत्ती १०:१७ शी तंतोतंत जुळतात. पण हे नाव खूप नंतर रुळलेलं आहे, अरबी 'सीन' आणि लॅटिन 'सीनाय' यांच्याच घराण्यातलं. संस्कृतातला चीन, चीनांशुकातला, तोही त्याच बाजूचा. त्या नावाचा उगम बहुधा 'छिन' राज्याच्या नावात आहे. 'छिनने चीन एक केला तो इ.स.पू. २२१ मध्ये, मग जुन्या ग्रंथात ते नाव येईलच कसं' असा युक्तिवाद पुष्कळ लोक करतात. तो वापरू नका. छिन हे राज्य एकीकरणाच्या कितीतरी शतकं आधीपासून होतं आणि समोरचा माणूस हे सांगून तुम्हाला गप्प करील. शेजारी गावं आणि अदुनु-बआल हे पुरावे त्याहून मजबूत आहेत. यापुढे बायबलचा शब्द शोधताना प्राचीन हिब्रूचाच कोश घ्या. स्ट्राँगचे क्रमांक (बायबलच्या मूळ शब्दांना दिलेले कोशातले क्रमांक) वापरत असाल तर सीनी ५५१३ वर आहेत आणि यशयातलं सीनीम ५५१५ वर. क्रमांक वेगळा, म्हणजे कोशकारानेही त्यांना दोन शब्द मानलं आहे. मधला ५५१४ हा सीनाय पर्वत, आणि ५५१२ वर 'सीन' आहे: निर्गम १६:१ मधलं रान, आणि यहेज्केल ३०:१५ मधलं मिसरचं शहरही. यातल्या कुणाचाही आपल्या सीनींशी संबंध नाही.

यशया ४९:१२ मध्ये लोक दुरून, उत्तरेकडून, पश्चिमेकडून आणि 'सीनीम'च्या देशातून परत येताहेत. जुन्या भाषांतरकारांनाच हा शब्द लागला नव्हता: ग्रीकने 'पारसी लोकांचा देश' केलं, जेरोमच्या लॅटिनने 'दक्षिणेचा देश'. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या पहिल्या गुहेत यशयाची जी गुंडाळी सापडली, तिच्यात इथे वेगळी अक्षरं आहेत, 'सीनीम'ऐवजी 'सवेनी' लोकांकडे जाणारी. सवेने म्हणजे मिसरच्या दक्षिण टोकाचं आस्वान. यहेज्केल २९:१० मध्ये ते नाव येतं, आणि इ.स.पू. ५व्या शतकात तिथल्या एलिफंटाइन बेटावर यहुदी सैनिकांची वसाहत होती याची पपायरसवरची पत्रं आहेत. उत्तर आणि पश्चिम सांगून झाल्यावर दक्षिण यावी, हेही सरळ आहे. योद आणि वाव ही दोन अक्षरं त्या काळच्या हस्ताक्षरात इतकी सारखी दिसतात की नकलकाराचा घोटाळा सहज होतो. सीनीम म्हणजे चीन हे मत १९व्या शतकात चीनमध्ये काम करणाऱ्या मिशनऱ्यांमुळे फार पसरलं. काही मोठ्या कोशकारांनीही तेव्हा ते उचलून धरलं होतं. म्हणून जुन्या पुस्तकात दिसलं तर दचकू नका, फक्त छपाईचं साल बघा.

टिपणात किती लिहायचं हे तुमच्या वर्गावर अवलंबून आहे. भाषांतराखालची तळटीप हवी असेल तर एवढं पुरे: 'सीनी: सीन किंवा सियान्नू या नगरराज्याचे रहिवासी, बहुधा सीरियाच्या किनाऱ्यावर जब्लेजवळ. जेरोमच्या मते अर्काजवळ.' चीनचा उल्लेख तळटिपेत करूच नका, खोडून काढण्यासाठीसुद्धा नाही. वाचणाऱ्याच्या लक्षात नेमकं तेवढंच राहतं. तोंडी प्रश्न आला तर कुर्खची यादी सांगा.

आणि यादी पुढे नेणारच असाल, तर आणखी दोन ठिकाणी देवनागरी तुम्हाला फसवील. हिब्रूची तीन-चार वेगळी अक्षरं आपण एका 'स' किंवा 'क' मध्ये कोंबतो, त्यातून हे होतं. दावीदाचा मित्र हूशय हाही 'अर्की' आहे (२ शमुवेल १५:३२), पण त्याचं नाव आलेफ-रेश-काफ असं आणि तो बेथेलजवळच्या कुळातला. यहोशवा १६:२ मध्ये त्या लोकांची हद्द आहे. आपल्या यादीतले अर्की आयिन-रेश-कोफ. मराठीत दोन्ही अगदी एक. तसेच 'समारी' वाचून शोमरोनचे लोक डोळ्यासमोर येतात, पण शोमरोन शीनने सुरू होतं आणि समारी त्सादेने. आजच्या हिब्रूत त्सादेचा उच्चार आपल्या 'चांगला'तल्या च सारखा होतो, तेव्हा हवं तर वर्गात 'च़मारी' असं म्हणून दाखवा, फरक कानाला लगेच कळेल. बिन्यामिनाच्या वतनातलं समाराईम (यहोशवा १८:२२) त्सादेनेच सुरू होतं, पण ते यरुशलेमच्या उत्तरेच्या डोंगरातलं गाव आहे. किनाऱ्यावरच्या सुमुरशी त्याची गाठ घालायला अक्षरांपलीकडे काही नाही.